बत्तीस पानांत न मावलेलं वाक्य

आबा, परवा तुमच्या दशक्रियेला घाटावर माइकवरून माझं नाव पुकारलं आणि मी उठलेच नाही.

प्रवचन संपलं होतं. मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची रांग लागली. आजी सरपंच, माजी सरपंच आणि होऊ घातलेले दोघे-तिघे. प्रत्येकानं तुम्हाला 'मावळचं भूषण' केलं. एकानं तर तुम्ही कधी न लढवलेली निवडणूकही तुम्हाला जिंकून दिली. तुम्ही शेजारी असता तर कोपरानं ढोसून म्हणाला असता, "याला पुरावा काय, विचार." मध्येच निवेदक म्हणाला, "वकीलआबांच्या पुस्तिकांचं काम बघणाऱ्या ताई आता दोन शब्द बोलतील." पुरुषांच्या बाजूला बसलेले माझे युनियनवाले वडील मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत वाढलेली, दहाव्या वर्षी गेटसभेत माइक धरलेली त्यांची पोरगी. तिच्याकडे दोन शब्द नाहीत?

शब्द होते, आबा. पण जे तुमच्या जिवंतपणी तुमच्यापाशी बोलले नाही, ते तुमच्या पिंडासमोर माइकवरून कसं बोलू? मला एक कबुली द्यायची होती. दोन वर्षं ती घशात घेऊन मी तुमच्या ओट्यावर चहा पीत राहिले. निवेदकानं दुसऱ्यांदा नाव घेतलं, मग पुढच्या सरपंचांना बोलावलं. म्हणून आता लिहिते आहे. लिहिताना माझा आवाज चढत नाही, हे श्रेय तुमचंच.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तीच मुळी भांडायला. आमच्या वस्तीवरून झऱ्याकडे जाणारी वाट एका बंगलेवाल्यानं तारेचं कुंपण घालून बंद केली होती. मी त्याच्यावर पत्रक लिहायला बसले तेव्हा कुणीतरी तुमची वहिवाटीच्या हक्काची पुस्तिका हातात ठेवली. लॉच्या विद्यार्थ्यांसाठीची, पिवळ्या कव्हराची, बत्तीस पानांची. एकतीस पानं वाचून वाटलं, सापडला आपला माणूस. बत्तिसाव्या पानावर मथळा होता, 'समोरचा काय म्हणेल?' आणि त्याखाली बंगलेवाल्याची बाजू, त्याच्या वकिलालाही सुचली नसती इतकी ठसठशीत मांडलेली. मी तशीच वलवणला तुमच्या घरी आले. तुम्ही ओट्यावर धरणाकडे तोंड करून पेन्सिली तासत होता.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" मी पायरीवरूनच विचारलं.

"चहा घेणार, की आधी भांडणार?"

"आधी भांडणार."

"माई, चहा जरा उशिरा टाक गं," तुम्ही आत हाक दिली. "बाई पत्रके आल्यात."

माझ्या हातातलं पत्रक तुम्ही तेवढ्यात वाचलंही होतं. म्हणालात, "छान आहे. उद्गारचिन्हं अकरा आहेत, कारण एकही नाही." मी म्हणाले, आमच्या घरात पत्रकात समोरच्याची बाजू छापत नाहीत. त्यावर तुम्ही पेन्सिलीचं टोक बोटानं तपासत म्हणालात, "म्हणूनच समोरचा ती वाचत नाही." त्या दिवशी चहा चार वाजता टाकला गेला. निघताना तुम्ही विचारलंत, "टायपिंग येतं का?" आणि मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा भांडण अर्धं राहिलं होतं म्हणून.

ते कधी पुरं झालंच नाही. मी म्हणायचे, कायदा जसा आहे तसा समजावून सांगणं म्हणजे त्याला मान डोलावणं. अन्याय असेल तर पुस्तिकेनं तो अन्याय आहे असं छापलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, पोराला उद्या परीक्षेत आणि परवा कोर्टात उभं राहायचंय, त्याला आधी नियम माहीत असू दे, मग तो मोडायचा का बदलायचा ते त्याचं तो ठरवील. मी ऐकेना तेव्हा तुम्ही पानांचा समास दुप्पट रुंद केलात. "मजकुरात कायदा राहू दे. समास ज्याचा त्याला." मला ती पळवाट वाटली, अजूनही थोडी वाटते. पण परवा एका मुलीच्या पुस्तिकेचे समास पाहिले. त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या पुस्तिका कोण घ्यायचं ते सभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. कंपनीत पहिली पाळी करून दुपारी कॉलेज गाठणारे. चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभे राहणारे. पवनेच्या काठी पर्यटकांचे तंबू लावणारे. बारावीपर्यंत मराठीत शिकून लॉला गेल्यावर इंग्रजी ग्रंथांच्या विटा छातीवर घेऊन झोपणारे. त्यांच्यासाठी तुम्ही एकेका कायद्याची बत्तीस पानं केलीत. करार, वारसा, भाडेकरू, मालमत्तेचं हस्तांतरण, मुदत. उदाहरणं सगळी इथली. ठेव म्हणून दिलेली वस्तू समजावताना पुस्तकांतला तो जुना सोनार नाही, तर गडाच्या पायथ्याला पार्किंगवाल्याकडे किल्लीसकट सोडलेली मोटारसायकल. सार्वजनिक उपद्रव म्हणजे शनिवारी रात्री भाड्याच्या बंगल्यात लागणारे स्पीकर.

आणि तुमची ती एसटीची परीक्षा! नवं प्रकरण लिहून झालं की कामशेतला पवनानगरची गाडी पकडायची, खिडकीशी बसायचं आणि मनाशी वाचायला लागायचं. पवनानगर यायच्या आत प्रकरण संपलं तर पास. नाही संपलं तर परतीच्या गाडीत बसून काटछाट. "पोरं वाचणार ती गाडीतच," तुम्ही म्हणायचात. "लेखकानं टेबलाशी बसून काय मोजायचं?" एकदा दत्तकाचं प्रकरण पवनानगरला दोन पानं शिल्लक राहिलं. तुम्ही कंडक्टरला म्हणालात, आज गाडी लवकर पोहोचली. तो म्हणाला, "आबा, गाडी टायमावर हाय. तुमचं पोरगंच लांबलं."

आता त्या गोष्टीकडे येते.

मुदतीच्या कायद्याची पुस्तिका. कोणतं प्रकरण किती दिवसांत, किती वर्षांत कोर्टात न्यायचं, याचा कायदा. तुम्ही सांगत होता, मी टाइप करत होते. पान अठरा. तुम्ही सांगितलंत, "योग्य कारण दाखवलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं." मला आनंद झाला. मग तुम्ही पुढे म्हणालात, "ही सवलत अपिलाला आणि अर्जाला आहे. दाव्याला नाही. दाव्याची मुदत गेली की दावा गेला."

माझी बोटं थांबली. "आबा, गरिबाला कायद्यानं एक दार उघडं ठेवलंय आणि तुम्ही त्याच श्वासात कडी लावताय."

"कडी मी लावली नाही."

"पण सांगताय तुम्ही. एखादा वाचून घरीच बसेल."

"आणि नाही सांगितलं तर दुसरा एखादा दार उघडं आहे समजून घरीच बसेल. टाइप कर."

मी टाइप केलं. त्याच आठवड्यात तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवा पडदा, वाचायचं नाही, वाकायचं नाही. छपाईला द्यायची प्रत माझ्याकडे आली. तुम्ही म्हणालात, "तू बघितलीस ना? मग मी बघितल्यासारखंच."

पुस्तिका तेहतिसाव्या पानावर तीन ओळी सांडत होती. तीन ओळी कुठून तरी काढायच्या होत्या. कुठूनही काढता आल्या असत्या, आबा. पान नऊवर एक उदाहरण दोनदा आलं होतं. मी पान अठरा उघडलं आणि त्या तीन ओळी पुसल्या. जागेसाठी नाही, रागानं. मला वाटलं मी कायद्यापेक्षा दयाळू आहे.

चार महिन्यांनी तुम्ही मला वलवणला बोलावलंत. चष्मा नवा होता. "पान अठरा काढ," म्हणालात. मी वाचलं. ओळ संपली तरी तुम्ही थांबून राहिलात, पुढचं वाक्य मी म्हणेन म्हणून. माई आत भांडी लावत होत्या. मी म्हणाले, "टाइप करताना राहिलं असेल."

बस एवढंच. सगळी वर्षं खऱ्यासाठी घसा फोडणाऱ्या बाई पत्रके तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलल्या, आणि तेही किती मिळमिळीत खोटं.

तुम्ही म्हणालात, "बरं. चिठ्ठ्या छापू."

प्रत्येक पुस्तिका घेणाऱ्याचं नाव-गाव तुम्ही एका वहीत उतरवून ठेवायचात. कायदा बदलला किंवा चूक सापडली, तर दुरुस्तीची चिठ्ठी त्या माणसाकडे पोहोचवायची आणि ती तुमच्या देखत पानावर चिकटवायची. इतर लेखक पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतात. तुम्ही म्हणायचात, "ज्यानं चुकीची आवृत्ती वाचली, तो कुठं पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसलाय?" त्या चिठ्ठीवर तुम्ही तीन ओळी दिल्यात आणि खाली, 'लेखकाच्या चुकीमुळे हा मजकूर गळला. क्षमस्व.' मी म्हणाले, छपाईतली चूक म्हणू या. तुम्ही म्हणालात, "झेरॉक्सच्या यंत्राला कशाला बदनाम करायचं? त्याला कायदा कुठं कळतो." तेव्हा बोलायला हवं होतं. दुसरी संधी होती ती. मी डिंकाची बाटली पिशवीत टाकली.

पुढचे तीन रविवार आपण मावळ पालथा घातला. शिरगावला साईमंदिराबाहेर हार विकणारी, दोन मुलांची आई असलेली ती तुमची विद्यार्थिनी आठवते? चिठ्ठी वाचून खळखळून हसली. "आबा चुकलं? मंग आमी नापास झालो तर कुनी काय बोलायचंच न्हाई!" तुम्ही तिच्याबरोबर हसलात, स्वतःच्या हातानं डिंक लावलात. मी शेजारी उभी राहून शेवंतीच्या माळा बघत होते. प्रत्येक दारात तुम्ही तेच वाक्य म्हणायचात, "माझ्याकडून चूक झाली." बहात्तराव्या वर्षी, घरोघरी, माझ्या वतीनं.

आणि तरी त्यातल्याच एका रविवारी, जीपमध्ये, मी तुमच्यावरच भडकले. आठवलं की कान गरम होतात. पवनानगरच्या पुढे, डोंगरावरच्या ठाकरवाडीतलं एक नाव वहीत होतं, हिरा. त्यासमोर चिठ्ठी मिळाल्याची खूण आधीच केलेली. आपण तर तिकडे गेलोच नव्हतो. मी माणसांनी भरलेल्या जीपमध्ये आवाज चढवला. "वाडीवर चढायचा कंटाळा, म्हणून खूण? बंगल्याशेजारच्या पोरांना घरपोच दुरुस्ती आणि वाडीतल्या पोरीला काय? शेवटी तुम्हीही त्यातलेच!" समोरच्या बाईनं मांडीवरची कोंबडी घट्ट धरली. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "वकीलआबा, केस लय अवघड दिसती." तुम्ही खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणालात, "तिला मिळालीय." मी विश्वास ठेवला नाही. खोटं मी बोलले होते, आणि संशय तुमच्यावर घेत होते.

त्यानंतर तुम्ही कधी तो विषय काढला नाहीत. पुढे फौजदारीचे तिन्ही कायदे एकदम बदलले, कलमांचे आकडे इकडचे तिकडे झाले आणि तुमच्या तीन पुस्तिका एका रात्रीत रद्दी झाल्या. मला वाटलं आता थांबाल. तुम्ही मात्र पेन्सिली तासायला घेतल्यात. "चारशेवीस गेला, तीनशे अठरा आला," माईंना ओरडून सांगितलंत. "आता लोकांना शिव्यापण नव्यानं पाठ कराव्या लागणार." दोन पुस्तिका तुम्ही पुऱ्या केल्यात. तिसरी, पुराव्याची, पान एकवीसवर थांबली. मोबाइलमधला व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून कसा दाखल करायचा, तिथे. समासात तुमच्या पेन्सिलीनं लिहिलंय, 'हे पत्रकेला विचारणे.' माईंनी ते पान तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुझ्यासाठी निरोप आहे बघ." पाच वर्षं तुम्ही मला विचारत नव्हता, सांगत होता. आणि शेवटच्या पानावर विचारायचं ठरवलंत.

परत घाटावर येते. सभा संपली, मंडळी जेवणाकडे वळली. मी पायरीवर तशीच बसले होते. एक मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. सलवार-कमीज, पायात पावसाळी चप्पल, हातात पिवळी पुस्तिका.

"ताई, मी हिरा. वरच्या वाडीवरची. लॉच्या शेवटच्या वर्षाला हाय."

मी तिला बस म्हणाले. तिनं पुस्तिका उघडली. मुदतीचीच. पान अठरा. चिठ्ठी नव्हती तिथे. छापलेल्या ओळीखाली तुमच्या पेन्सिलीनं, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, तीन ओळी लिहिलेल्या होत्या.

"चिठ्ठी निघायच्या आधीच आबांनी लिवून दिलं," ती म्हणाली. "चूक मलाच घावली होती ना."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या चुलत्याच्या जमिनीची एक पट्टी पर्यटकांच्या तंबूंचा कॅम्प चालवणाऱ्यानं कुंपणात घेतली होती. अशा दाव्याची मुदत बारा वर्षं, आणि ती भरत आली होती. चुलता विचारत होता, कोर्टात कधी जायचं? हिरानं पुस्तिका वाचून त्याला सांगितलं, "घाई न्हाई काका. कारन दाखवलं की उशीर माफ व्हतो." चुलता भात काढायला शेतात गेला. तिनं परीक्षेसाठी जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि त्यात नेमका हाच प्रश्न, ही सवलत दाव्याला लागू होते का? तिला पुस्तिकेत उत्तर मिळेना. ती दुसऱ्या दिवशी वडगावच्या कोर्टात तुम्हाला शोधत आली.

"मंग?" माझ्या तोंडून तिचीच भाषा निघाली.

"आबांनी पान बघितलं आन् खालीच बसले. मंग उठले, चुलत्याला फोन लावाया सांगितला. त्याच आठवड्यात दावा दाखल केला. मुदत सरायला थोडंच दिस ऱ्हायलं व्हतं. दावा चालू हाय आजून."

माझ्या दयाळूपणानं एका घराची जमीन घेतली असती, आबा. कॅम्पवाल्याच्या वकिलाला काही करावंच लागलं नसतं. मी करून ठेवलं होतं. आणि ज्या वाडीसाठी मी जीपमध्ये तुमच्यावर ओरडत होते, तिथे तुम्ही माझ्या आधी पोहोचला होता.

"आबांनी सांगितलं तुला, ते कुणी कापलं?"

"न्हाई. मी इचारलं व्हतं. म्हनलं, आबा, येवढी मोठी चूक तुमची वाटत न्हाई. तर म्हनले, माझीच. न वाचता नाव घातलं. मंग जरा हसले. म्हनले, आळसानं झालेली चूक लगेच दिसती, कळकळीनं झालेली दिसत न्हाई, म्हनून ती जपून वाचायची." हिरानं माझ्याकडे बघितलं. "नाव न्हाई घेतलं त्यांनी. पन मगाशी माइकवर तुमचं नाव पुकारलं आन् तुमी उठला न्हाई. तवा कळलं."

तुमची विद्यार्थिनी आहे, आबा. साक्षीदार न बोलताही काय सांगतो ते तिला ऐकू येतं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला कशाला? मला तर त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क पडले." आणि दोघी हसलो, घाटावर, दहाव्याला. तुम्हाला चाललं असतं.

मग मी पुस्तिका चाळली. तिचे समास भरलेले होते. पान बारावर तिनं लिहिलं होतं, 'हा नियम वाडीला परवडत नाही. बदलायला पाहिजे.' पान तेवीसवर, 'काकांना समजावून सांगणे.' पान बत्तीसवर, तुमच्या 'समोरचा काय म्हणेल?' च्या खाली, कॅम्पवाल्याच्या तुम्हालाही न सुचलेल्या दोन मुद्द्यांची उत्तरं. कायदा अन्यायाचा आहे असं छापा, हा हट्ट मी सोडलेला नाही. पण ते पत्रकातून ओरडून सांगणारी मी आणि नियम घोकून मग समासात 'बदलायला पाहिजे' लिहिणारी ती, यांपैकी कायदा कोण बदलेल, हे आता मला नक्की सांगता येत नाही. एवढी माघार मी तुमच्या हयातीत घेतली नसती. लिहून घ्या.

काल हिरा वलवणला आली होती. माईंनी विचारलं, "आधी भांडणार की चहा?" आम्ही ओट्यावर बसून पान एकवीसपासून पुराव्याची पुस्तिका पुढे घेतली. तुमचं नाव लेखक म्हणून राहील. बत्तिसावं पान राहील. छपाईला जायच्या आधी हिरा ओळ अन् ओळ वाचणार आहे, आणि मी पुसलेल्या प्रत्येक ओळीचं कारण तिला द्यायचं आहे. येत्या रविवारी आम्ही दोघी कामशेतला गाडी धरू, पवनानगर यायच्या आत प्रकरण संपतं का बघायला. आणि तुमची नावांची वही घेऊन मी पुन्हा त्या दारांवर जाणार आहे. नवी चिठ्ठी छापली आहे. त्यावर लिहिलंय, 'पान अठरावरचा मजकूर लेखकाच्या चुकीनं गळलेला नाही. तो मी काढला होता.' खाली माझं नाव आहे. डिंक मीच लावणार.

आबा, टाइप करताना राहिलं नव्हतं. हे सांगायला मला दोन वर्षं उशीर झाला, आणि उशिराचं योग्य म्हणावं असं एकही कारण माझ्याकडे नाही. फक्त एवढंच म्हणते, की हा दावा नाही, अर्ज आहे. आणि अर्जाचा उशीर माफ होऊ शकतो, हे तुम्हीच लिहून ठेवलंय. पान अठरा. मी पुसलेली पहिली ओळ.